हाताला कळणारा उजेड

केडगाव,
२२ नोव्हेंबर २००९

प्रिय पोपट,

जय भीम. पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोन करता आला असता, पण फोन शेजारी रतनबाईच्या घरात, आणि मी बोलायला लागले की तिची सून टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत बसते. शिवाय फोनवर तू व्हय व्हय म्हणतोस आणि कंपनीचा भोंगा झाला म्हणून ठेवून देतोस. म्हणून लिहिते आहे. तू आणलेल्या बल्बच्या खोक्याची पट्टी कापून कागदावर धरली आहे आणि तिच्या कडेनं अक्षरं चालवते आहे. त्या खोक्याचा एवढाच उपयोग झाला. एखादी ओळ दुसरीवर चढली तर समजून घे. वीस वर्षांत अक्षर बिघडलं असेल, पण सातवीला मी वर्गात पहिली होते हे सूनबाईला, सुरेखाला सांग.

तर बल्ब. मी चिडलेय, हे आधीच सांगून टाकते. ग्रामपंचायतीच्या पटांगणात शिबिर लागलं, जुना पिवळा बल्ब द्या आणि कमी वीज खाणारा नवा न्या, तेव्हा तू नेमका सुट्टीवर आलेला. घरातले तिन्ही बल्ब काढलेस. ज्वारीच्या डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेला चौथाही हुडकून काढलास आणि लावून बघितलास, कारण सरकारला म्हणे जळका चालत नाही, चालूच लागतो. चांगली चालती वस्तू काढून न्यायची आणि वर उपकार केल्यासारखं बोलायचं, ही कुठली रीत? मला विचारलं नाहीस असं मी म्हणणार नाही. विचारलंस. मी पीठ मळत होते आणि ने म्हणाले. बिल कमी येईल, देशाची वीज वाचेल, हे तू एका दमात सांगितलंस. त्यात नाही कुठं म्हणायचं? आपण काय देऊन टाकतोय ते मलाही तेव्हा उमगलं नाही.

तुला ठाऊक आहे, मी रोज दिवेलागणीला बटण दाबते आणि पडवीतल्या बल्बखाली हात धरते. तुझ्या वडिलांनी तो मुद्दाम माझ्या डोक्याइतका खाली आणून दिला होता. तळव्याला ऊब लागली की उजेड आला. लागली नाही तर लाइट गेली, नाहीतर बल्ब गेला. ऊब मंद लागली की व्होल्टेज कमी, त्या दिवशी मिक्सर लावायचा नाही. ते गेल्यापासून नऊ वर्षं मी या अंदाजावर एकटीनं घर चालवलं आणि कारेगावला आमच्याकडे येऊन राहा म्हणून तू दर सणाला मागे लागलास तरी हलले नाही. माझ्या घरात कुठं काय आहे ते मला कळत होतं, म्हणून माझा तोरा होता. नव्या बल्बखाली हात धरला तर गार. पाच-दहा मिनिटांनी कोमट झाल्यासारखं वाटतं, तेही मनाचे खेळ असतील.

आता पुढचं ऐक. रतनबाई आणि साळूबाई रोज संध्याकाळी भाजी निवडायला, शेंगा फोडायला आपल्या पडवीत बसतात. तासाभरात सगळ्या गावाची खबर मिळते आणि माझा दिवस त्यावर निघतो. तर दोघी एकाएकी यायच्या बंद झाल्या. एक दिवस गेला, दोन गेले. मला वाटलं, माझ्याच तोंडून काही गेलं. मी फटकळ, कोणाला काय लागलं असेल सांगता येत नाही. आठ संध्याकाळी मी बटण दाबून, केस नीट करून, रस्त्याकडे तोंड करून बसून राहिले. पावलं यायची आणि दारावरून पुढे जायची. कोणाला हाक मारायची लाज वाटली. नवव्या दिवशी सकाळी रतनबाई विरजण मागायला आली तेव्हा न राहवून विचारलंच. ती म्हणाली, पडवीत अंधार असतो, आम्हाला वाटलं तुम्ही लवकर निजता. तो तुझा नवा बल्ब आठ दिवस मेलेला होता आणि मी त्याच्याखाली काळोखात बसलेली. मग तेव्हाच का नाही सांगितलंस, असं मी जरा जोरातच म्हटलं. तर ती म्हणाली, "मावशी, तुमास्नी काय करायचाय उजेड?"

टोचून बोलली नाही रे. काळजीनंच बोलली, म्हणून जास्त लागलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

मग जुन्या बल्बची शोधाशोध. स्टेशनजवळचा दुकानदार म्हणतो, शिबिराच्या आदल्या दिवशी होते नव्हते तेवढे लोकांनी नेले. जुन्या तऱ्हेचे नवेकोरे बल्ब विकत घेतले आणि दुसऱ्या दिवशी तेच सरकारला जमा करून बदली बल्ब आणले! आता तो माल भरत नाही, सरकार हे बल्ब बंदच करणार असं त्याच्या कानावर आलंय. रतनबाईच्या मालकांना वरवंडच्या बाजारातून आणायला सांगितला, तर त्यांनी झिरोचा आणला, तोही लाल. साळूबाई म्हणते, पडवी तमाशाच्या तंबूसारखी दिसते. दोघी पुन्हा येऊन बसतात, हसतात, मीही हसते. पण त्या झिरोची ऊब कळायला बोट थेट काचेवर टेकवावं लागतं.

आता खरं लिहिते. एवढं चिडून झालं, तरी हे पत्र बल्बसाठी नाही. हे बोलायला मी दोनदा फोनवर गेले आणि दोन्ही वेळा बल्बवरून तुझ्याशी भांडून परत आले. त्या दिवशी नवा बल्ब लावून तू स्टुलावरून उतरलास आणि सहज म्हणालास, "आई, ह्याच्याभोवतीबी रंगाचं कडं पडतंय बघ. मला वाटायचं, जुन्यालाच पडतंय." मला बघ म्हणालास, आणि मी बघितलं, पोपट. माझे डोळे जायच्या आधी दोन वर्षं मला दर संध्याकाळी बल्बभोवती तसंच कडं दिसायचं, बाहेरून तांबडं, आतून निळं. भुवईवर ठणका लागायचा. मला वाटायचं, सगळ्यांनाच बल्ब असा दिसतो, त्यात सांगायचं काय. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, लवकर आला असतात तर डोळे राखता आले असते. आणि म्हणाले, हा रक्तात असतो, मुलाचे डोळे तपासत राहा. तू तेव्हा सोळाचा, शेवटच्या बाकावरून फळ्यावरचं बारीक अक्षर वाचायचास. मी म्हटलं, याला काय होतंय, आणि तुला कधी सांगितलंही नाही. ही माझी चूक आहे, ती मला गिळवत नाही. तुझं डोकं दुखतं ते नाइट शिफ्टनं नाही. सुरेखाला म्हणावं, बाम चोळणं बंद कर. तीन आठवडे मी भिऊन गप्प बसले, आता एक दिवसही नको. पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी रजा टाक, इकडे ये आणि मला घेऊन पुण्याला चल. डॉक्टरांना आईचे डोळे गेले एवढं नुसतं सांगून भागायचं नाही, मला त्यांच्यासमोर बसव. लवकर गेलं तर डोळ्यांत घालायच्या थेंबांवर राहतं, असं तेच म्हणाले होते. घराला कुलूप रतनबाई लावील. आणि मोटरसायकलवर येऊ नकोस, एसटीनं ये.

तुझीच,
आई