कपडे वाळत घालायचा बांबू

साकोली,
१७ जानेवारी २०२३

ती. सौ. शोभाताईस,

हेमराजचा नमस्कार. तुलाराम भाऊजींनाही सांग. गोमाजी लाखांदूरला येतो आहे, त्याच्या हाती तिळगूळ आणि हे पत्र देतो आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितो.

दिवाळीपासून मी हाताने काय काय केलं ते आधी सांगतो. सागाचे दोन उभे खांब, आडवी दांडी वरखाली करता यावी म्हणून बोट-बोट अंतरावर भोकं पाडलेले. जमिनीत पुरायची एक तिरकी पेटी. फोन हलू नये म्हणून सायकलच्या नळ्यांची तिपाई. भाताच्या तणसाची गादी, खताच्या पोत्यांत गच्च भरून दुहेरी सुतळीने शिवलेली. आणि सहा बांबू, कीड लागू नये म्हणून अंधाऱ्या पाखात, म्हणजे अमावास्येच्या पंधरवड्यात तोडलेले, जाळावर शेकून लाठीसारखे सरळ केलेले, मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल पाजलेले. कुणाकडे शिकलो नाही. तूच म्हणायचीस ना, याच्या हाताला शाळा लागत नाही.

बांबू म्हटल्यावर तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. तरी पुढे वाच.

इकडे सगळे बरे आहेत. चंदाचा गुडघा दुखतो, पण तुझ्या भावजयीचं तोंड चालू आहे. रेणू अभ्यासात पहिल्या तिघांत आहे. तू तिला माझ्याकडे शिकायला ठेवलंस तेव्हा एकच अट घातलीस, शाळेत मनगट मोडलं तेवढं पुरे, आता बांबूउडी नाही. ती अट मला पाठ आहे.

झालं असं की कॉलेजच्या फिजिक्सच्या सरांनी प्रत्येक गटाला एक खेळ घेऊन त्यामागचं विज्ञान दाखवणारा व्हिडिओ करायला सांगितला. बाकीची पोरं क्रिकेटच्या मागे गेली. रेणूने बांबूउडी घेतली. ठरलं ते असं: वर्गातला अश्विन उडेल, स्वाती नावाची मैत्रीण फोन सांभाळेल आणि रेणू फक्त गणित मांडेल. असंच ठरलं होतं, ताई. मी समोर होतो.

मला त्यात पडायचंच नव्हतं. पण जेवताना तिने विचारलं, “मामाजी, माणूस आडवा धावून राहिला ना? मंग तो वर कसा जाते? त्याची धाव जाते कुठं?”

मी म्हटलं, “हातानं ओढून घेते सोताले. हातात दम लागते.”

“मंग तुमच्या हातात दम आहे. उभ्या उभ्या चढून दाखवा.”

चंदाला हसून हसून ठसका लागला. मी मात्र घास हातात धरून बसलो. गावातल्या पोरांना मी आजवर हेच सांगत आलो, हाताने ओढ. खरंच, धाव कुठे जाते? दुसऱ्या दिवशी दुकानात एका पंपाचं काम अर्धं टाकून मी पेटी ठोकायला घेतली.

वाक कुठे पडतो ते दिसावं म्हणून बांबूवर वीत-वीत अंतराने चुन्याचे पट्टे ओढायचे होते. स्वातीने ओढले, ते तिरके आले. मी पुसून पुन्हा ओढले.

अश्विन धावायला झकास. पण पेटीत बांबू रोवायची वेळ आली की नदीत न उतरणाऱ्या बैलासारखा थांबायचा.

“काहून रे, भेतं का?”

“भेत नाही मामाजी, विचार करून राहिलो.”

“विचाराचं काम माहं आहे,” रेणू म्हणाली, “तू फक्त उड.”

तो उडाला नाही, फोनच्या तिपाईमागे जाऊन बसला. आता पुढचं वाक्य मी दोनदा खोडलं. व्हिडिओत जी उडते आहे ती रेणू आहे.

फोनमध्ये एक सोय असते, पापणी लवायच्या आत झालेलं चांगलं सावकाश पाहता येतं. त्यात मी पाहिलं. पोरगी बांबू रोवते, बांबू वाकतो, ती त्याला लोंबते आणि क्षणभर दोघंही थांबल्यासारखी दिसतात. मग बांबू सरळ व्हायला लागतो आणि तिला उचलून नेतो. हाताने ओढणं येतं ते शेवटी, तेही थोडं. धाव बांबूत जाऊन बसलेली असते आणि बांबू ती परत करतो. रेणू म्हणाली, “दिसली का तुमची धाव?” मी म्हटलं, पुन्हा लाव. ती कंटाळली, मी नाही कंटाळलो.

आता हेही लिहितो, कारण तुला ते तिच्या तोंडावर दिसणारच आहे. नाताळच्या सुट्टीत एक बांबू मोडला. रेणू वर होती. ती तणसावरच पडली, पण बांबूची कपची हनुवटीला लागली. दोन टाके. हाडाला काही नाही, मी एक्स-रे काढून घेतला. रक्ताने ओढणी भिजलेली, आणि ही पहिलं काय बोलली? “अश्विन, रेकॉर्ड झालं का रे?”

मी म्हटलं, कीड असेल. तोडणाऱ्याने पाख चुकवला असेल. माझ्या कामात खोट असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. रेणूने वाद घातला नाही. तिने उरलेले बांबू दोन बाजांवर आडवे टाकले आणि मधोमध पाण्याची बादली टांगली. पाणी वाढवत गेली. पाचही बांबू एकेकाच जागी खचले, आणि प्रत्येक वेळी ती जागा तीच, जिथे मी जाळावर शेकून बाक काढला होता. मोडलेल्याचा व्हिडिओ पाहिला, तर तडाही तिथूनच गेलेला.

“मामाजी, लाठी मारायले असते, तिले सरळ केली तर चालते. ह्याले वाकायचं आहे. तुम्ही जिथं जिथं सरळ केलं, तिथं तिथं त्याचा जीव जाळला.”

माझ्या घरात, माझ्या बाजेवर बसून!

मग तिने परसातला कपडे वाळत घालायचा बांबू सोडवला. तो मी वाकडा म्हणून टाकून दिला होता, जाळ त्याने पाहिलाच नाही. बादली टांगली तर धनुष्यासारखा एकसारखा वाकला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चंदा ओल्या चादरी घेऊन उभी. “आता ह्या काय तुमच्या मामाच्या डोक्यावर वाळू घालू?”

टाके निघाल्यावर रेणू त्याच बांबूवर उडाली. मी अडवलं नाही. दांडीला तिचा पायसुद्धा लागला नाही.

पुढच्या महिन्यात नागपूरला शिबिर आहे. तिथे फायबरचे बांबू असतात, फोमची माणूसभर गादी असते, शिकवायला एक बाई आहेत. मी मागल्या आठवड्यात जाऊन आलो. तो फायबरचा बांबू भर उन्हात फिरवून पाहिला, नख मारून पाहिला. त्यात माझ्या हातचं काहीच नाही, म्हणून सांगतो की चांगला आहे. पालकाची सही लागते. भाऊजी करतील, पण रेणूला तुझी पाहिजे. “आई नाही म्हणाली तर मी जाणार नाही,” म्हणते.

तू म्हणशील, हेमराज स्वतःच्या हट्टाचीच बाजू घेणार. म्हणून एक शेवटची गोष्ट लिहितो, चंदालाही अजून सांगितलेली नाही. कॉलेजात व्हिडिओ दाखवला तेव्हा नागपूरचे एक खेळसामानाचे व्यापारी आले होते. त्यांना माझे ते सरळ, चकचकीत बांबू आवडले. म्हणाले, असे चौसष्ट करून द्या, शाळांना पुरवतो. तेवढा मोडल्याचा भाग व्हिडिओतून काढायला सांगा पोरांना. मी म्हटलं, वाकडे देतो. ते म्हणाले, वाकडे कोण घेते?

त्या चौसष्टांवर कुणाकुणाच्या रेणू उडाल्या असत्या. पोरीच्या बाबतीत माझा शब्द किती खरा, हे तुला मोजायचं असेल तर ह्यावर मोज: मी नाही म्हणालो. नगामागे दोन हजार. एकूण एक लाख अठ्ठावीस हजार रुपये.

तुझा,
हेमराज