आक्काच्या पाटीवरचा अ‍ॅपॉस्ट्रॉफी

रविवार, संध्याकाळ

आक्कानं शहापुरात साड्यांचं दुकान काढलंय. पेंटरनं पाटीवर इंग्रजीत 'आक्काज सारीज' रंगवलं, पण एसच्या आधीचं ते वरचं स्वल्पविरामासारखं चिन्ह, अ‍ॅपॉस्ट्रॉफीच नाही. शाळेत इंग्रजी शिकवणारी मी, गप्प कशी बसणार?

तिची लेक म्हणाली, "मावशी, आता कोण घालतंय? मोठमोठ्या दुकानांनी पण काढलाय." खरं आहे तिचं. मग मी अजून मार्क का कापते?

आक्कानं विचारलं, "ते चिन्ह कशाला असतंय गं?"

"मालकी दाखवायला."

नवरा गेल्यापासून दिरांच्या दुकानात फुकट राबलेली आक्का पेंटरकडे वळली. "घाल रं. लई मोठं घाल."

मी हे आजवर नियम म्हणून शिकवलं. हे चिन्ह कुणाला इतकं हवं असेल, असं कधी वाटलंच नव्हतं.