द्वारकीचं लगीन

काकासाहेब दादा,

काल माझ्या शहागंजच्या घरी येऊन तुम्ही हसत म्हणालात, "द्वारकीचं परवा लगीन हाय. तू मांडवात बस. आमदारबाई दिसली की फौजदार माघारी जातो."

दादा, तुमची लेक बारा वर्षांची आहे! निजाम गेला तेव्हा मला शाळेत घालायला तुम्हीच वडलांशी भांडला होतात. त्या शाळेमुळंच मी विधानसभेत पोचले, बालविवाहावर बोलले.

हे पत्र धाडणार नाही. वाचून तुम्ही लगीन आजच उरकाल.

सकाळी ठाण्यात तुमच्याविरुद्ध फिर्याद दिली. फौजदारानं विचारलं, "बाई, सख्खा भाऊ ना?" मी "व्हय" म्हटलं. सही करताना सासरच्या नावाऐवजी माहेरचंच नाव लिहिलं गेलं.

तुमची,
चतुरा