वरची बाजू

रविवार, संध्याकाळ

गालिचा बसला. खांबाला अगदी चिकटून बसला. मी पुन्हा पुन्हा कडेवरून हात फिरवून बघतो आहे.

गोकुळ रोडवरच्या दुकानात गुंडाळीचा हा शेवटचा तुकडा स्वस्तात मिळाला. जादा एक वीतही नव्हता. खोलीच्या उजव्या कोपऱ्यात खांब आहे, त्याच्यापुरती खाच कापायची होती. खाच चुकली असती तर दुसरा घ्यायची ऐपत नाही. म्हणून मापे मीच घेतली, खडूची खूणही मीच केली.

दुकानातून आलेला बसण्णा सुरी घेऊन वाकला आणि सहज म्हणाला, "इदु म्याल, हौदिल्लो?"

अश्विनी स्वयंपाकघरातून धावत आली. "अगं बाई, कोण मेलं?"

लग्न होऊन साताऱ्याहून नुकतीच आली आहे ती. बसण्णा पोट धरून हसला. "कोणी मेलं नाही अक्का, गालिचा जिवंत आहे."

मी तिला समजावले, कानडीत म्याल म्हणजे वर. ही बाजू वर ना, असे विचारतो आहे तो.

आणि बोलता बोलता थांबलो. वर कुठे? गालिचा पालथा होता. पाठीवर उजवीकडे केलेली खूण उलटल्यावर डावीकडे जाणार. कसे सुचले नाही मला?

"निल्लु, बसण्णा," म्हणून सुरी थांबवली. खूण पुसली, डाव्या कोपऱ्यात केली, मगच कापायला दिले.

आता अश्विनी शेजारच्या काकूंना दाखवते आहे. "यांनी स्वतः मापून बसवून घेतलाय." बाजू चुकली होती ते तिने सांगितले नाही. मीही नाही.