जुन्यावर नवं, की कोरं?

॥ श्रीराम प्रसन्न ॥

रविवार, २३ नोव्हेंबर
आज पंचवटीतल्या माझ्या घरी आले. लग्न साधेपणाने लागलं, दोन्हीकडची मोजकी माणसं. वायफळ खर्च नाही, हे मला फार आवडलं. निफाडहून गोविंददादा आला होता. ओवी त्याचा हात धरून उभी होती, रडली नाही माझी गुणाची पोर. तिचे बाबा गेल्यापासून माझ्याशिवाय एक रात्र झोपली नाही. वार्षिक परीक्षा झाली की तिला इकडे आणायचं ठरलंय. तेवढं सोसायचं.

हे रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगतात. बोलणं कमी. सासूबाई मात्र मायाळू. तांदळात माझं नाव त्यांनी ‘इंदिरा’च लिहायला लावलं, म्हणाल्या, जिभेला सवय आहे गं. पहिल्या सुनेचं नाव. त्यांच्या सख्ख्या भावाची आईवेगळी पोर, सासूबाईंनीच वाढवली, सून करून घेतली, दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. तिचा टाक त्यांनी माझ्या गळ्यात बांधला. नखाएवढ्या चांदीच्या पत्र्यावर उठवलेलं तिचं रूप. गेलेल्या सवतीचा असा मान ठेवला की ती छळत नाही, ही रीत आमच्याकडेही आहे. मी मनोभावे हात जोडले. जिच्या गळ्यात तिनेच तो आपल्या हाताने सोडायचा, दुसऱ्याने ओढायचा नसतो, असं त्यांनी बजावलं.

खर्च: पेढे, हळद-कुंकू, रिक्षा. हिशेब मागच्या पानावर.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
यांच्या यजमानांची सगळी नोंद कॉम्प्युटरवर असते. सिंहस्थ जवळ आल्याने रोज फोन. आता तो कॉम्प्युटर म्हणे जुना पडला, आतली सिस्टीम बदलायलाच हवी. कोपऱ्यावरचा दुकानवाला धवल आला. त्याने विचारलं, जुन्यावरच नवं चढवू, की सगळं पुसून कोऱ्यावर टाकू? चढवलं तर होतं ते सगळं राहतं. पुसलं तर काहीच राहत नाही, पण मशीन छान चालतं.

यांनी ठरवायचं माझ्यावर सोपवलं. मॅट्रिक झालेल्या बाईला कोण विचारतं! मी म्हटलं, असलेलं पुसायचं कशाला, चढवा वरूनच. धवल हसून म्हणाला, वहिनी, तुम्ही जुन्या लुगड्याची गोधडी करणाऱ्यातल्या. म्हटलं, हो, आणि थंडीत तीच उपयोगी पडते.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडला, कहाणी वाचली, प्रसन्न वाटलं.
दुपारी कॉम्प्युटर लावला. पडद्यावर नाव आलं इंदिरा, आणि खाली पासवर्डची चौकट. मला तो कोणी सांगितलेला नाही. पण बोटं आपसूक चालली आणि उघडलं.
जेवताना हे सांगितलं तर यांचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी माझ्या वरणावर तुपाची धार जास्त धरली.

सोमवार, १ डिसेंबर
केशराची डबी फडताळात मागे, सुपाऱ्यांच्या बरणीआड असते. न विचारता काढून दिली. कारलं मला जन्मात आवडलं नाही, आज दोनदा वाढून घेतलं. सासूबाईंनी गालावरून हात फिरवला आणि ‘इंदू’ म्हणाल्या.

कॉम्प्युटर रखडतोय. धवल पुन्हा आला. म्हणाला, आत जुनं आणि नवं एकाच जागेसाठी भांडतंय. भरलेल्या मशीनवर चढवलं की असंच होतं वहिनी, कोरं असतं तर पाण्यासारखं चाललं असतं. सासूबाई उंबऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं.

गुरुवार, ४ डिसेंबर
फोनवर ओवीने झोपायचं गाणं मागितलं. आठ वर्षं रोज म्हणते मी ते. पहिल्या ओळीपुढे आठवेना. ती खिदळली, आई, तू वेंधळीच आहेस.

त्या ओळींच्या जागी दुसरंच आठवतं. याच पलंगावरचा ताप. कपाळावर ओली घडी. मी म्हणतेय, आत्या, मी जाते गं. आणि सासूबाई म्हणताहेत, जाऊ देणारच नाही तुला.
मला असा ताप कधी आलेला नाही.
आज मी त्यांना आत्या म्हणून हाक मारली. त्यांनी ओ दिली.

शनिवार, ६ डिसेंबर
सासूबाई म्हणाल्या, परीक्षेपर्यंत कशाला थांबायचं, पोरीला आत्ताच आणू, शाळा काय इथे नाहीत? मी आनंदाने त्यांच्या पाया पडले.

मग स्वयंपाकघरात भांडी लावताना ऐकलं. हे म्हणत होते, आई, नको, लहान आहे ती. त्या म्हणाल्या, म्हणूनच. ही भरलेली आहे रे. नवरा, संसार, पोर, सगळं ठासून बसलंय हिच्यात, माझ्या इंदूला अंग टाकायला जागा नाही. पोर कोरी आहे.
मला आधी वाटलं, कॉम्प्युटरचंच चाललंय.

सोमवार, ८ डिसेंबर
दादाला फोन केला, आणू नकोस. तो म्हणाला, असं काय करतेस, तुझ्या सासूबाईंनी स्वतः बोलावलंय, ओवीने पिशवीसुद्धा भरली.

टाक गोदेत टाकायला निघाले. सासूबाई दारातच, शांत. म्हणाल्या, टाक की. सोनाराकडे दुसरा पत्रा उठवायला दिलाय. तू सोडलीस की ती मोकळी. मग कोऱ्या गळ्यात सुखाने बसेल.

पळून दादाकडे जावं तर ही इंदूही माझ्या गळ्यातून तिथे येणार. ओवीच्या अंथरुणात.

म्हणजे माझ्या गळ्यात आहे तोवरच ओवी सुरक्षित. सोडायचा नाही. काही झालं तरी — रामा, बळ दे.

मंगळवार, ९ डिसेंबर
ओवी आली.
सोडायचा नाही.
मी साधना. ओवी माझी मुलगी. आठ वर्षांची. उजव्या भुवईवर व्रण, झोक्यावरून पडली तेव्हाचा. रोज सकाळी हे वाचायचं. टाक सोडायचा नाही —

बुधवार, १० डिसेंबर
गाणं गेलं. चालसुद्धा.
पहाटे कुशीत एक पोर होती, माझा पदर मुठीत धरून. कोणाची ते — कालचं पान वाचलं तेव्हा —
आत्या म्हणते, वही ठेव आता, डोळे दुखतील.

गुरुवार, ११ डिसेंबर
आत्याने पुरण घातलंय. गळा काचतो.
पाहुणी पोर गोड आहे. मला आई म्हणते. मी हसले तर रडायलाच लागली, वेडी.
मागची पानं कोणा साधनेची आहेत. अक्षर घाईचं, लागत नाही.
पोर गप्प व्हावी म्हणून टाक दाखवला. तिला फार आवडला. मला घाल ना, म्हणते. आत्या म्हणते, दे की, लेकरू आहे. हे उठून बाहेर गेले.
गाठ घट्ट आहे — एका हाताने —
केस वर धरून मान पुढे केलीय तिने. भुवईवर व्रण आहे, उजव्या. कुठेतरी वाचल्यासारखं —
सुटली. आता नुसती तिच्या ग