आबांचं गाऱ्हाणं

प्रिय गोदा,

फोनवर हे बोलता येत नाही. आबा समोरच ओटीवर असतात. म्हणून निलेश चिपळूणला येतोय त्याच्या हाती चिठ्ठी देतोय.

आबांचा रक्तदाब आज सकाळी सातला १२६/७८. पाच मिनिटं स्वस्थ बसवून, पाठ टेकवून, डाव्या दंडावर. चौदा महिन्यांची वही आहे, एक दिवसाचा खाडा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं टिपण शिकलेले लोकही आणत नाहीत. नववी नापासाला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? होड्यांची इंजिनंही मी अशीच पुस्तकं उघडून शिकलो.

पण आकडा बरा आणि माणूस बरा नाही, असं झालंय. जाळं हातात धरत नाहीत. तुझ्या लग्नात मिठावरून आचाऱ्याला फैलावर घेणारा माणूस, बांगड्याचं तिखलं पुढे ठेवलं तर नुसतं "असू दे" म्हणतो.

मला वाटलं, गोळीच. नवी गोळी ९ डिसेंबरपासून. तिच्या खोक्यातला कागद मी भिंग लावून वाचला, त्यात उदासी छापलेली. तडक बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, असेलही, नसेलही. बदलून देते, पण आपल्या मनानं बंद करू नका, आणि रत्नागिरीला मनाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. मी म्हटलं, माझा बाप वेडा नाही. गोळी बदलून सहा आठवडे झाले, फरक नाही. परवा वही चाळली तर ८ नोव्हेंबरला माझंच अक्षर : 'आबा दिवसभर ओटीवरून उठले नाहीत.' गोळीच्या आधी महिनाभर! इंजिन अडखळलं तर मी धक्क्यावरून नुसत्या आवाजावर दोष सांगतो, गोदा. इथे काही कळत नाही.

शिमग्यात पालखी आपल्या अंगणात आली. तुझ्या सासरीही त्याच दिवशी, म्हणून तू नव्हतीस. आबा नारळ घेऊन गाऱ्हाण्याला उभे राहिले. आवाज तोच, खणखणीत. वाटलं, आले आमचे आबा परत. दर्यावर गेलेल्यांना सांभाळ, मुंबईकरांना सांभाळ. आम्ही सगळे, "व्हय महाराजा!" माझ्या गोदेचं घर भरलेलं ठेव. "व्हय महाराजा!" मग त्याच सुरात, स्वतःचंच नाव घेऊन, "आणि ह्या आत्मारामाला आता उचल रे महाराजा." अख्खी वाडी सवयीनं ओरडली, "व्हय महाराजा!" ढोल वाजले, पालखी नाचली. कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मी त्यांच्या शेजारीच होतो. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि नारळ वाढवला.

मंगळवारी साडेदहाची रत्नागिरीच्या त्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. येता का म्हणून दोनदा विचारलं, आबा नुसते बघतात, पालखीपुढे बघितलं तसेच. सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं ये. त्यांच्यासमोर उभी राहा आणि त्या गाऱ्हाण्याला मोठ्यानं नाही म्हण. मी म्हटलेलं आता त्यांना खरं वाटणार नाही.

तुझाच,
बाबूदादा