बासष्ट झाडं

४ एप्रिल

बासष्ट! स्वतः मोजली, ओढ्यापलीकडची धरून. काल जेमतेम वीस मिनिटं वादळ झालं आणि मोसंबीची बासष्ट झाडं आडवी. चार वर्षं पोरासारखी वाढवली, यंदा पहिलं फळ येणार होतं. मुळं उघडी पडलीत, पण तुटलेली नाहीत. मामंजी लगेच दोर घेऊन निघाले. चार-पाच दिवसांत उभी केली तर जगतात म्हणे.

सरकारी मदतीच्या कचेरीत फोन केला. कारकून म्हणाला, "कशालाही हात लावू नका. साहेब पाहणीला येतील. उभ्या झाडाचे पैसे मिळत नाहीत." मी मामंजींच्या हातातून दोर काढून घेतला.

५ एप्रिल

साहेब आले नाहीत.

७ एप्रिल

कचेरीत दोन तास बाकावर. कारकून आधी डबा खात होता, मग हात धूत होता, मग पुसत होता! म्हणे गाडीला डिझेल नाही. म्हटलं, माझ्या स्कूटरवर बसवून नेते साहेबांना. सगळे हसले. हसा! तुमची बाग थोडीच झोपलीय.

घरी येते तर मामंजी अंगणासमोरच्या झाडापाशी, मुळांवर माती ओढत बसलेले. मग काय, तोंडाचा पट्टा सुटला माझा. "उचललं आणि तरी मेलं तर? झाडही गेलं, मदतही गेली! नवी रोपं कशाच्या जिवावर आणायची?" कचेरीतला सगळा राग त्यांच्यावर निघाला. ते म्हणाले, "बरं बाई." आणि हातपाय धुवायला गेले.

८ एप्रिल

कपडे वाळत घालायची दोरी गायब! शेजारणीला विचारलं तर फुगून बसली. बसू दे.

९ एप्रिल

पानं गुंडाळायला लागली. आज काय, तर "सर्व्हर बंद". सर्व्हरच्या नानाची टांग!

यांचा फोन आला, ट्रक घेऊन कुठल्याशा नाक्यावर अडकलेत. मी कचेरीचा उद्धार करत होते, तर मलाच म्हणतात, "जरा दमानं. तू चिडलीस की घरात कुणाची तोंड उघडायची टाप नसते." वा! म्हणजे चूक माझीच!

१२ एप्रिल

मामंजींची कंबर धरलीय. पंपाचं निमित्त काढून दिवसभर ओढ्यापलीकडे असतात, धरणारच. मी तिकडे फिरकत नाही. आडवी झाडं बघवत नाहीत.

१९ एप्रिल

आले एकदाचे साहेब! पंधरा दिवसांनी! एकेका वाळलेल्या झाडाचा फोटो काढला. मामंजी म्हणाले, "मी फिरवतो त्यांना, तू चहा टाक."

चहा पिता पिता साहेब म्हणतात, "फोटो काढून दुसऱ्याच दिवशी उचलायची होती की झाडं. पडल्याचा फोटो चालतो आम्हाला." मी उडालेच. तुमच्याच माणसाने सांगितलं ना हात लावू नका! "ते पडक्या घरांसाठी असतं. त्याची गल्लत झाली असेल."

गल्लत! कप त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. माझी बाग उभ्या उभ्या नाही, आडवी पडून मेली, आणि यांची गल्लत!

२ मे

यादी लागली. एक्कावन्न झाडं! अकरा कुठे गेली? तणतणत घरी आले. उद्या त्या कारकुनाचं टेबलच उलथते, म्हटलं. मामंजी पायरीवर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांना बोलू नकोस. अकरा मी चोरली."

मला ओढ्यापलीकडे घेऊन गेले. अकरा झाडं उभी होती, काठ्यांच्या टेकूवर, माझ्या कपड्यांच्या दोरीने बांधलेली. सगळ्यांना पालवी.

३ मे

आज विचारलंच. अकराच का? बाकीची का नाही उचललीत?

म्हणाले, "ही घरातून दिसत नाहीत. बाकीची तुला दिसली असती."